साठ पौंड भाड्याचं घर

इंग्रज कवी आणि सजावटकार विल्यम मॉरिस या घराचा मालक कधीच नव्हता. पंचवीस वर्षं त्याने भाडं भरलं आणि भाडेकरू म्हणूनच तो गेला. तरी इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डशायरच्या एका कोपऱ्यात, थेम्सच्या काठी, केल्म्सकॉट गावी लोक येतात ते मॉरिसचं घर पाहायला. ज्यांनी ते बांधलं, एका बाजूला वाढवलं आणि अडीचशेहून अधिक वर्षं त्यात राहून शेती केली, त्या टर्नर घराण्याचं नाव माहितीफलकाच्या पहिल्या परिच्छेदात उरकलं जातं. हा इतिहासाचा नेहमीचा अन्याय आहे. पण या घराच्या बाबतीत तो जरा जास्तच बोचतो, कारण मॉरिसला तिथे जे जे आवडलं ते सगळं टर्नरांनी केलेलं होतं, किंवा टर्नरांनी करायचं टाळलेलं होतं.

आधी जागा पाहू. लंडनमध्ये गढूळ आणि रुंद दिसणारी थेम्स इथे, लेचलेड गावाच्या खालच्या अंगाला, अगदी लहान नदी आहे. दोन्ही काठांना विलोची झाडं, पलीकडे सपाट कुरणं, आणि हिवाळ्यात त्या कुरणांवर चढणारं पाणी. गावाच्या टोकाला, नदीपासून चालत काही मिनिटांवर, राखाडी दगडाचं एक उंच घर उभं आहे. भोवती दगडी कुंपण, कोठारं, गोठे, कबुतरखाना. संडासही घराबाहेर, आणि तो तीन बैठकांचा! तिघांनी शेजारी शेजारी बसायची ही सोय आज पर्यटकांना भलतीच गमतीची वाटते. त्या काळच्या मोठ्या शेतकरी कुटुंबाला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नसणार.

घर उभं राहिलं इसवी सन १६०० च्या सुमारास. पूर्वीच्या पुस्तकांत १५७० हे साल सापडतं; अलीकडचे अभ्यासक ते थोडं पुढे आणतात. बांधणारा थॉमस टर्नर हा शेतकरी होता, सरदार-जमीनदार नव्हे. अशा माणसाला दगडी, वर माळे असलेलं घर बांधणं परवडलं कसं, हे समजून घ्यायला थोडं मागे जावं लागतं.

सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडात धान्याचे आणि लोकरीचे भाव चढत गेले. जमिनीचा खंड मात्र बऱ्याच ठिकाणी जुन्या, लांब मुदतीच्या करारांनी बांधलेला होता. माल महाग आणि खंड जुनाच, म्हणजे मधला फायदा कसणाऱ्याच्या घरात राहू लागला. त्याने तो घरातच घातला. डब्ल्यू. जी. हॉस्किन्स या इतिहासकाराने १९५३ मध्ये या लाटेला ग्रामीण इंग्लंडची महापुनर्बांधणी म्हटलं आणि तिचा काळ साधारण १५७० ते १६४० असा धरला. पुढे इतर संशोधकांनी या सालांवर पुष्कळ वाद घातले. कुठे लाट आधी आली, कुठे शंभर वर्षं उशिरा. पण लाट आली होती याबद्दल शंका नाही. विल्यम हॅरिसन नावाच्या एसेक्समधल्या धर्मोपदेशकाने १५७७ मध्ये आपल्या देशाचं वर्णन लिहिलं. त्यात गावातले म्हातारे त्याला सांगतात की आमच्या हयातीत तीन गोष्टी बदलल्या: धुराडी वाढली, अंथरूण-पांघरूण सुधारलं, आणि लाकडी ताटांच्या जागी कथलाची भांडी आली. घराच्या इतिहासाच्या दृष्टीने त्यातलं धुराडं सगळ्यात महत्त्वाचं.

कारण धुराडं नव्हतं तोवर वरचा मजलाही नव्हता. मध्ययुगीन शेतघरात मधोमध उघडी चूल पेटे, धूर छपराखाली फिरून फटींतून बाहेर पडे, आणि म्हणून ती मोठी खोली थेट छपरापर्यंत मोकळी ठेवावी लागे. चूल भिंतीत गेली, धूर दगडी नळकांड्यातून निघू लागला, तसा त्या मोकळ्या जागेत माळा टाकता आला. माळा आला म्हणजे जिना आला. वर झोपायच्या खोल्या झाल्या, खाली बसायची वेगळी खोली झाली. नोकर आणि मालक एकाच आगीभोवती जेवत ते बंद होऊ लागलं. खिडक्यांना काच परवडू लागली. थॉमस टर्नरने केल्म्सकॉटला बांधलं ते या नव्या तऱ्हेचं घर.

दगड अर्थातच तिथलाच. कॉट्सवोल्ड टेकड्यांचा चुनखडीचा पट्टा जवळच आहे. भिंती ओबडधोबड दगडांच्या, कोपऱ्यांना आणि खिडक्यांना मात्र घडीव दगड. खिडक्या दगडी उभ्या दांड्यांनी विभागलेल्या, आणि वरून ओघळणारं पाणी बाजूला टाकायला प्रत्येक खिडकीच्या डोक्यावर दगडाचीच कड. भिंती वर जाताना किंचित आत कलतात. हे मॉरिसच्या डोळ्यांनी टिपलं होतं, आणि त्याला ती चूक नव्हे तर गवंड्याची जाण वाटत असे.

पण या घराचं खरं वैभव छपरात आहे. कौलं मातीची नाहीत, दगडाची आहेत. कॉट्सवोल्डमध्ये ठरावीक थरांतला चुनखडीचा दगड पातळ पाट्यांत फुटतो. स्टोन्सफील्डसारख्या गावांत तर हे काम थंडीवर सोपवलेलं असे. शरद ऋतूत दगड खणून काढायचा, तो वाळू द्यायचा नाही, ओलाच ठेवायचा, आणि कडाक्याच्या हिमाची वाट पाहायची. दगडात मुरलेलं पाणी गोठतं, फुगतं आणि थर सुटे करतं. हिवाळा सौम्य गेला तर त्या वर्षी धंदा बसला. अशा पाट्यांना भोक पाडून, लाकडी खुंटी घालून, ती खुंटी छपराच्या पट्टीवर अडकवायची. कौल जड, त्यामुळे छपराचा उतार तीव्र आणि खालची लाकडं भक्कम हवीत. आणि पाट्या आकाराने लावलेल्या: पागोळ्यांपाशी सगळ्यात मोठ्या, वर सरकत जाल तशा लहान, आढ्याशी तर हातभरही नाहीत इतक्या. यात व्यवहार आहे. छपराच्या खालच्या भागावर पाणी जास्त वाहतं, तिथे सांधे कमी हवेत. मोठे दगड उचलून आढ्यापर्यंत न्यावे लागत नाहीत. आणि खाणीतून आलेला लहानमोठा सगळा माल खपतो. मॉरिसने १८९४ मध्ये या घरावर एक लेख लिहिला तेव्हा त्याने या छपरावर विशेष प्रेमाने लिहिलं. माशाचे खवले किंवा पक्ष्याची पिसं पाहताना होतो तसा आनंद त्याला ते पाहून होई. मला वाटतं, त्या छपरात त्याला आपला सगळा सिद्धान्त आयता मिळाला होता: उपयोगासाठी नीट केलेलं काम सुंदर होतं, आणि करणाऱ्याला सौंदर्याचा विचारही करावा लागत नाही.

आतली मांडणी पाहिली की आपल्याकडच्या जुन्या वाड्याची आठवण येते, कारण खोल्यांना जोडणारी मधली वाट नाही. वरच्या मजल्यावर एका खोलीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत असं जावं लागतं. खाजगीपणा ही कल्पना ते घर बांधलं तेव्हा शेतकऱ्याच्या घरात पोचायची होती. पुढे मॉरिसच्या झोपायच्या खोलीचं व्हायचं तेच झालं: पलीकडच्या दालनात जाणाऱ्याला त्याच्या खोलीतूनच जावं लागे. छपराखालचे माळे तर जणू लाकडाचं रान. प्रचंड तुळया, तिरके टेकू, पायांत येणाऱ्या कैच्या. तिथे शेतावरचे गडी झोपत.

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात टर्नर आणखी वर चढले. घराण्याला स्वतःचं मानचिन्ह वापरण्याचा अधिकार मिळाला, म्हणजे शेतकरी आता कागदोपत्री सद्गृहस्थ झाले. ईशान्येला नवी बाजू जोडली ती याच उभारीत. इथल्या खोल्या उंच, भिंतींना लाकडी तक्तपोशी, शेगडीच्या दगडावर ते मानचिन्ह. बाहेरून पाहिलं तर गंमत दिसते. तिकोनी दर्शनी भिंती जुन्याच धाटणीच्या, पण त्यांतल्या माळ्याच्या खिडक्यांवर लहानशी ग्रीक-रोमन त्रिकोणी शिरोभूषणं बसवली आहेत. लंडनमधली फॅशन कुणा गवंड्याच्या कानावर आली होती, तिचं व्याकरण मात्र पोचलं नव्हतं. जुन्या देहाला नवी टोपी! वास्तुशास्त्राचे पंडित याला अर्धवट म्हणतील. मला तो घराचा सगळ्यात माणसाळलेला भाग वाटतो. आतल्या एका दालनात टर्नरांनी सॅमसनच्या कथेची विणलेली भिंतपटं लावली, बायबलमधली ती रक्तबंबाळ गोष्ट. ती पटं अजून तिथेच आहेत.

यानंतर घराच्या इतिहासात जवळजवळ दोनशे वर्षं फारसं काही घडत नाही, आणि हेच त्याचं भाग्य. अठराव्या शतकात ज्यांच्या हाती पैसा होता त्या शेतकऱ्यांनी दगडी दांड्यांच्या खिडक्या काढून वरखाली सरकणाऱ्या लाकडी खिडक्या बसवल्या, दर्शनी भिंतीला सपाट चेहरा दिला, जुने माळे झाकले. टर्नरांनी यातलं काही विशेष केलं नाही. कंजूषपणाने म्हणा, समाधानाने म्हणा. घर चालत होतं, शेत चालत होतं, तेवढं पुरे होतं. फक्त १८६४ च्या सुमारास जेम्स टर्नरने गावची जमीन आणि तिच्याबरोबरचा जमीनदारीचा मान विकत घेतला, आणि तोवर खालचं शेतघर म्हणून ओळखलं जाणारं हे घर ‘मॅनर’ झालं. म्हणजे केल्म्सकॉट मॅनर हे भारदस्त नाव घरापेक्षा अडीच शतकांनी लहान आहे. सहा वर्षांनी जेम्स वारला. कुटुंबाने घर भाड्याने द्यायचं ठरवलं.

१८७१ च्या मे महिन्यात मॉरिस तिथे पोचला. तेव्हा तो सदतीस वर्षांचा होता, कवी म्हणून प्रसिद्ध आणि सजावटीच्या सामानाच्या एका कंपनीचा भागीदार. बारा वर्षांपूर्वी त्याने मित्र फिलिप वेब याच्याकडून बेक्स्लीहीथला स्वतःसाठी लाल विटांचं घर बांधून घेतलं होतं. रेड हाउस. कलाकार मित्रांनी मिळून ते रंगवलं, त्यातूनच ती कंपनी निघाली, आणि पाच वर्षांत पैशाच्या आणि प्रवासाच्या कटकटींनी ते सोडावं लागलं. तो पुन्हा कधी तिकडे फिरकला नाही. स्वतःचं नवं घर असं गेल्यावर त्याला दुसऱ्याचं जुनं घर सापडलं. वर्षाला साठ पौंड भाडं. करारात भागीदार होता चित्रकार आणि कवी दान्ते गेब्रिएल रोझेटी.

ही भागीदारी काय होती हे सगळ्या लंडनच्या कलावर्तुळाला ठाऊक होतं. मॉरिसची बायको जेन ही ऑक्सफर्डमधल्या एका तबेल्यातल्या नोकराची मुलगी. रोझेटी आणि त्याच्या मित्रांनी तिला चित्रासाठी बसायला शोधून काढलं, आणि १८५९ मध्ये मॉरिसने तिच्याशी लग्न केलं. रोझेटीची बायको १८६२ मध्ये गेली. त्यानंतर हळूहळू रोझेटी जेनमध्ये गुंतत गेला, आणि जेनही त्याच्यात. लंडनमध्ये चारचौघांच्या डोळ्यांपुढे हे निभणं अवघड होतं. दोन पुरुषांनी मिळून खेड्यात एक घर घ्यावं, बायको-मुलींनी उन्हाळाभर तिथे राहावं, आणि चित्रकार मित्राने तिथेच रंग-कुंचले मांडावेत, यात वरवर पाहता वावगं काही नव्हतं. करार झाला आणि जुलैमध्ये मॉरिस आइसलंडला निघून गेला. बायकोला आणि मित्राला त्या घरात ठेवून एक माणूस लाव्हाच्या वाळवंटात तट्टावरून फिरायला जातो. याला कुणी औदार्य म्हणतं, कुणी पळ. मला वाटतं दोन्ही खरं असावं. घटस्फोट त्या काळी नवऱ्याला मिळू शकत होता, पण बायकोची बदनामी करून. आणि मॉरिसला ते करायचं नव्हतं.

रोझेटीने सॅमसनच्या पटांचं दालन चित्रशाळा म्हणून घेतलं. त्या कापलेल्या केसांची आणि फोडलेल्या डोळ्यांची संगत त्याला मुळीच आवडत नसे. त्याच उन्हाळ्यात त्याने जेनचं एक छोटं चित्र केलं. तिच्या हातात विलोची फांदी आहे. पाठीमागे नदी, घर आणि गावचं चर्च एकाच दृश्यात मांडलं आहे. मॉरिसच्या मुली, दहा वर्षांची जेनी आणि नऊ वर्षांची मे, छपरांवर चढत आणि माळ्यांवर लपत. मोठी माणसं ज्या कोड्यात अडकली होती त्याची झळ त्यांना लागली की नाही, हे मे हिने पुढे कधी उघड केलं नाही. रोझेटीबद्दल ती मायेनेच लिहिते.

१८७२ मध्ये रोझेटीचं मन ढासळलं. झोपेसाठी घेतलेल्या क्लोरलचं व्यसन, त्यावर दारू, त्यात आपल्या विरुद्ध सगळे कट करताहेत हा भ्रम. बरं वाटल्यावर तो केल्म्सकॉटलाच येऊन राहिला, तो जवळजवळ दोन वर्षं. या काळात मॉरिसने एका मैत्रिणीला पत्र लिहून आपली चडफड बोलून दाखवली: हा माणूस तिथे असा ठाण मांडून बसला आहे की मला माझ्या आवडत्या जागी जाताच येत नाही. बायकोबद्दल त्यात तक्रार नाही. तक्रार आहे ती घराबद्दल. १८७४ च्या उन्हाळ्यात नदीकाठच्या मासेमारांशी रोझेटीचं भांडण झालं. ते आपली टिंगल करताहेत असं त्याला वाटलं. तो गेला आणि परत आला नाही. मॉरिसने प्रकाशक एफ. एस. एलिस याला भागीदार घेऊन करार चालू ठेवला.

मॉरिस तिथे पूर्ण वेळ राहिला असं मात्र समजू नये. कामधंदा लंडनमध्ये होता. केल्म्सकॉट ही सुट्टीची, मासे पकडण्याची, बागेतल्या कुंपणाच्या झाडाला ड्रॅगनचा आकार देण्याची जागा. १८७८ मध्ये त्याने लंडनच्या हॅमरस्मिथ भागात थेम्सकाठी घर घेतलं तेव्हा त्याचंही नाव केल्म्सकॉट ठेवलं. दोन वर्षांनी घरच्यांना आणि मित्रांना घेऊन तो एका बोटीतून नदीच्या उलट्या प्रवाहाने एका केल्म्सकॉटहून दुसऱ्या केल्म्सकॉटला गेला. सुमारे १३० मैल. दहा वर्षांनी त्याने भविष्यातल्या समाजवादी इंग्लंडची कादंबरी लिहिली तिची अखेर याच प्रवासाने होते, आणि शेवटचा मुक्काम या घरातच पडतो. पुढे मुद्रणालय काढलं त्याचंही नाव तेच. बागेतल्या जाळ्याखाली घुसून स्ट्रॉबेऱ्या पळवणारे थ्रश पक्षी १८८३ मध्ये निळीने रंगवलेल्या कापडावर आले. काठच्या विलोची पानं १८८७ मध्ये भिंतीच्या कागदावर आली. ती नक्षी आज मगांवर, मोबाइलच्या कव्हरांवर, सगळीकडे दिसते. तिच्याविषयी अधिक लिहायची गरज नाही.

त्याहून मोठी गोष्ट घराच्या आसपासच्या चर्चमध्ये घडली. १८७६ मध्ये जवळच्या बर्फर्ड गावी मॉरिसने चर्चचा चाललेला जीर्णोद्धार पाहिला आणि त्याचं डोकं फिरलं. तेव्हाची रीत अशी होती: आतल्या भिंतींचा शेकडो वर्षांचा चुन्याचा गिलावा खरवडून दगड उघडे करायचे, नंतरच्या शतकांत वाढलेलं सगळं काढून टाकायचं, आणि मूळ मध्ययुगीन चर्च असंच असलं पाहिजे असं ठरवून नवीनच काहीतरी बांधायचं. गोष्ट अशी सांगतात की मॉरिसने हरकत घेतली तेव्हा तिथला धर्मगुरू म्हणाला, चर्च माझं आहे, वाटलं तर मी त्यात डोक्यावर उभा राहीन. पुढच्याच वर्षी, मार्च १८७७ मध्ये, मॉरिस आणि वेब यांनी प्राचीन इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली. तिला लाडाने खरवडविरोधी मंडळ म्हणत. तिचं म्हणणं सोपं होतं. जुनी इमारत दुरुस्त करा, गळती थांबवा, टेकू द्या. पण ती होती त्यापेक्षा जुनी दिसावी म्हणून खोटं काही बांधू नका. आणि प्रत्येक काळाने तिच्यावर केलेलं काम हा तिचाच इतिहास आहे.

आता टर्नरांच्या त्या टोपीकडे पुन्हा पाहा. १६०० चं घर, त्याला साठ-सत्तर वर्षांनी वेगळ्याच तऱ्हेची बाजू, अर्धवट शिकलेली त्रिकोणी शिरोभूषणं. शुद्धीवादी वास्तुकाराने ती बाजू पाडली असती. मॉरिसला मात्र हा सांधा पाहतच उन्हाळे काढायला मिळाले होते. एकट्या केल्म्सकॉटने त्याला हा विचार दिला असं म्हणणं जास्त होईल. कलासमीक्षक जॉन रस्किन तीस वर्षं हेच सांगत होता. पण वाचलेला विचार आणि रोज ज्याखाली झोपतो ते छप्पर यांत फरक असतोच. या विचाराचं एक टोक आपल्यापर्यंतही येतं. १९२३ मध्ये जॉन मार्शल यांनी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणासाठी संवर्धनाची नियमपुस्तिका लिहिली. जुनं ते राखा, बनावट जुनं करू नका, हा तिचा गाभा याच परंपरेतला आहे, आणि वेरूळ-अजिंठ्याची डागडुजी करणाऱ्यांच्या कित्येक पिढ्या ती पुस्तिका समोर ठेवून वागल्या.

     

३ ऑक्टोबर १८९६ रोजी हॅमरस्मिथला मॉरिस वारला. पेटी रेल्वेने लेचलेडला आणली. तिथून पुढे शववाहिका नव्हती. विलोच्या फांद्यांनी सजवलेल्या शेतगाडीतून, पावसावाऱ्यात, त्याला गावच्या चर्चच्या आवारात नेलं. कबरीचा दगड वेबने घडवला, घराच्या छपरासारखा दोन्हीकडे उतरता. त्याच वर्षी फ्रेडरिक एव्हान्स या छायाचित्रकाराने घराची छायाचित्रं काढली. माळ्यावरच्या त्या तुळया त्याने अशा पकडल्या की आजही लाकडी बांधकामावरच्या पुस्तकांत त्या चित्राला जागा मिळते.

जेनने भाडेकरार चालू ठेवला. १९१३ मध्ये, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, तिने घर विकत घेतलं. पंचवीस वर्षं मॉरिसने जे केलं नाही ते तिने केलं, आणि केलं ते मुलींसाठी. जेनीला तरुणपणापासून अपस्माराचे झटके येत. मे हिचं लग्न मोडलं होतं. दोघींना हक्काचं छप्पर हवं होतं. ऑक्सफर्डच्या गल्लीतल्या तबेलेवाल्याची मुलगी मॅनरची मालकीण झाली. तिची मालकी काही महिनेच टिकली. जानेवारी १९१४ मध्ये ती गेली.

मे मॉरिसला बापाची सावली म्हणणाऱ्यांनी तिचं भरतकाम पाहिलेलं नसतं. तेविसाव्या वर्षी ती कंपनीच्या भरतकाम विभागाची प्रमुख झाली. स्त्रियांना कलाकारांच्या मंडळात घेत नसत म्हणून १९०७ मध्ये तिने स्त्रियांचं मंडळ काढलं. बापाच्या लेखनाचे चोवीस खंड तिने संपादित केले. मॉरिसच्या चौखांबी पलंगाभोवतीचे भरतकामाचे पडदे तिने आखले. त्यांच्या झालरीवर बापाने त्या पलंगासाठीच लिहिलेली कविता टाकली आहे. १९२३ पासून ती केल्म्सकॉटलाच राहू लागली, सोबत मेरी लॉब. पहिल्या महायुद्धात शेतीकामाला आलेली ही दणकट बाई गावाला थोडा धाक वाटेल अशीच होती. दोघींनी मिळून आइसलंडच्या वाऱ्याही केल्या. गावासाठी मे हिने वास्तुकार अर्नेस्ट गिमसनच्या आराखड्यावरून सभागृह बांधलं; १९३४ मध्ये त्याचं उद्घाटन करायला नाटककार बर्नार्ड शॉ आला. पूर्वी याच शॉवर तिचं प्रेम होतं.

१९३८ मध्ये मे गेली, काही महिन्यांनी मेरी लॉबही गेली. १९३९ च्या उन्हाळ्यात घरातल्या बऱ्याच वस्तूंचा लिलाव झाला. घर मृत्युपत्राने ऑक्सफर्ड विद्यापीठाकडे गेलं, अटींसह: घर होतं तसं ठेवायचं, त्यात बदल नकोत, लेखक-कलावंत-अभ्यासकांना विसाव्याला मिळावं. अटी प्रेमाच्या होत्या आणि अशक्य होत्या. ओल चढणाऱ्या, पूर येणाऱ्या, आधुनिक सोयी नसलेल्या घरात विसाव्याला कोण येणार? विद्यापीठाने भाडेकरू ठेवून पाहिले. छप्पर खचत होतं, भिंती सरकत होत्या, पैसा पुरत नव्हता. ज्या बापाने इमारतींची रोज थोडी थोडी काळजी घ्या असं सांगितलं, त्याचंच घर मुलीच्या ‘काही बदलू नका’ या अटीखाली कुजत होतं. शेवटी प्रकरण न्यायालयात गेलं. १९६२ मध्ये ती देणगी रद्द ठरली आणि उरलेल्या मालमत्तेची वारस म्हणून लंडनच्या सोसायटी ऑफ अँटिक्वरीजकडे घर आलं. १७०७ मध्ये स्थापन झालेली ही विद्वानांची संस्था. मॉरिस स्वतः १८९४ पासून तिचा सदस्य होता.

सोसायटीने डोनाल्ड इन्सॉल यांच्या कार्यालयातले वास्तुकार पीटर लॉक यांना काम दिलं. १९६४ ते १९६७ अशी तीन वर्षं दुरुस्ती चालली. छपराची लाकडं बळकट केली, भिंती बांधून घेतल्या, मध्ये कुणीकुणी घातलेल्या आडभिंती काढल्या. मॉरिसच्या संस्थेचा काटेकोर नियम लावला तर यातल्या काही कामांवर बोट ठेवता येईल. पण ती झाली नसती तर आज बोट ठेवायला घर उरलं नसतं. गेल्या दशकाच्या शेवटी ते पुन्हा बंद करावं लागलं. लॉटरी निधीची मोठी मदत आणि इतर देणग्या मिळून साठ लाख पौंडांच्या आसपास खर्चाचं काम निघालं. कोठारं शिकण्याच्या जागा झाली, खोल्यांची मांडणी जुनी छायाचित्रं आणि जलरंग पाहून सुधारली. एप्रिल २०२२ मध्ये दारं उघडली.

आत पाहणाऱ्याने एक ध्यानात ठेवावं. हॅमरस्मिथच्या घरातलं, लंडनच्या जुन्या बिऱ्हाडातलं, अगदी रेड हाउसमधलंही सामान फिरत फिरत शेवटी इथे येऊन साठलं आहे. खुद्द मॉरिसच्या दिवसांत या खोल्या बऱ्याच रिकाम्या होत्या, आणि त्याला त्या तशाच आवडत. म्हणजे पर्यटक पाहतो ते मुख्यतः मे हिचं घर, तिने बापाभोवती रचलेलं. टर्नरांचं असं खोलीत उरलेलं सामान म्हणजे सॅमसनची पटं, शेगडीवरचं मानचिन्ह आणि तक्तपोशी. बाकी ते सगळे भिंतींत आणि छपरात आहेत.